चवीपुरतं मीठ

भाट्यात नवी सायकल आली की तिला पहिला गंज कुठे धरेल यावर पैज लावता येते. मी घंटीच्या स्क्रूवर लावतो आणि बहुतेक वेळा जिंकतो. आमच्या घरापासून समुद्र पायी चार मिनिटांवर. वाऱ्याला तेवढीही लागत नाहीत. सुरूच्या बनातून तो गाळून येतो म्हणावं, तर मीठ काही त्या गाळणीत अडकत नाही. खिडकीचे गज, फाटकाची कडी, स्कूटरचा सायलेन्सर, गच्चीवरची डिश, सगळ्यांची तो रोज जातीनं विचारपूस करतो. त्यात मी रत्नागिरीच्या बाजारात तीसेक वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवलेलं. खिळे, बिजागऱ्या, कडीकोयंडे, पत्रे, रंग, नळाच्या तोट्या. वस्तू हातात आली की किमतीआधी ती किती पावसाळे काढेल हेच मनात येतं. दुकान बंद केलं, खोड राहिली.

तर २०२५ च्या एप्रिलअखेरीस पुतण्या ओटीवर येऊन बसला आणि म्हणाला, "काका, हार्डवेअर घ्यायचंय. तुम्ही बरोबर हवेत."

मी चष्मा पुसत विचारलं, "किती इंची?"

"सत्तावीस."

सत्तावीस इंची काय असतं ते आठवता आठवता माझा चहा निवला. तीस वर्षांत मी सत्तावीस इंची एकही वस्तू विकली नव्हती. मग उलगडा झाला की तो मॉनिटरबद्दल बोलत होता आणि हे हार्डवेअर आमच्यातलं नव्हे.

पोराचा धंदा व्हिडिओचा. लग्नसराईत लग्नं, शिमग्यात पालख्या, एरवी होमस्टेवाल्यांच्या जाहिराती. काजळी नदी समुद्राला मिळते तिथे भाट्याच्या पुलावरून सूर्य कसा बुडतो, हे त्याने निदान पन्नास वेळा टिपलं असेल; सूर्यही आता त्याला ओळखत असावा. हे दिवसाचं काम. रात्री तो कुठल्याशा परदेशी शहरात भरधाव गाड्या पळवतो, नाहीतर कानाला हेडफोन लावून चार मित्रांच्या संगतीनं कुणावर तरी गोळ्या झाडतो. "दोन्ही कामं एकाच मशीनवर व्हायला हवीत," असं तो म्हणाला. दुसऱ्यालाही काम म्हणण्याचं धाडस त्याने माझ्यापुढे केलं. वहिनीपुढे केलं नसतं.

त्याचा जुना लॅपटॉप मी पाहिला होता. त्याच्या बॅटरीनं केव्हाच मान टाकलेली, त्यामुळे तो चार्जरच्या नाळेवर जगत होता. व्हिडिओ रेंडरला टाकला की त्याचा पंखा असा काही ओरडे, की शेजारच्या वाडीत कुणी गवत कापतंय असं वाटावं. आधीच्या पावसाळ्यात एका लग्नाचा व्हिडिओ रात्रभर शिजत होता. पहाटे ९४ टक्क्यांवर वीज गेली. सकाळी पोरगा अंगणात उभा राहून नुसता समुद्राकडे बघत होता. मला वाटलं, प्रेमभंग. चौकशी केली तेव्हा कळलं की नवरीची पाठवणी पुन्हा शून्यापासून करायची आहे.

रेंडर म्हणजे नक्की काय हे मला कळेना, म्हणून त्याने हिशेब मांडून दाखवला. हिशेब मला कळतो. फोर-के म्हणजे एका चित्रात आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके. गुणाकार ८२,९४,४००. अशी सेकंदाला ३० चित्रं, दहा मिनिटांत १८,०००. एकूण ठिपके झाले सुमारे १४,९३० कोटी, आणि त्यातल्या प्रत्येकाचा रंग यंत्रानं ठरवायचा. सगळं झाल्यावर नवऱ्याच्या मामाला वाटलं की व्हिडिओ जरा पिवळट दिसतो, की पुन्हा पहिल्यापासून १४,९३० कोटी.

"आणि एवढं करून लोक तो मोबाइलवर बघतात ना?" मी विचारलं.

तो काही बोलला नाही. धंद्यातलं दुःख धंदेवाल्याला कळतं. मीही पितळी बिजागऱ्या विकल्या आहेत आणि लोकांनी त्यांवर ऑइलपेंट मारलेला पाहिला आहे.

यादी आली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस, कूलर, कॅबिनेट. आठच ओळी, वाणसामानाची यादी याहून लांब असते. पण वाणसामानात रवा आणि साखर यांचं एकमेकांशी पटेल का, हे बघावं लागत नाही. इथे दर वस्तू दुसरीला विचारून घ्यायची. कार्ड लांब निघालं तर कॅबिनेटमध्ये मावणार नाही, कूलर उंच निघाला तर काच बसणार नाही, रॅम नव्या पिढीची घेतली तर जुना बोर्ड तिला थारा देणार नाही. सॉकेटचं मात्र मला एका वाक्यात समजलं. एएमडीचा एएम-५ सॉकेट १,७१८ टोकांचा, इंटेलचा त्या वेळी जास्त चालणारा १,७०० टोकांचा. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यावर बसत नाही.

"म्हणजे आटे जुळत नाहीत," मी म्हटलं.

"हां! आटेच!" पोरगा खूश झाला. अर्ध्या इंचाच्या नळाला पाऊण इंची तोटी बसवायला निघालेली माणसं मी आयुष्यभर पाहिली. ती बसत नाही म्हटल्यावर दोरा गुंडाळून बसवू पाहणारीही पाहिली. अठरा टोकांच्या फरकावर दोन घराण्यांची सोयरीक मोडते, यात मला नवल वाटलं नाही.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांतला फरक समजायला मात्र वेळ लागला. हिशेब दोघंही करतात, मग दोन कशाला? पोरानं आधी इंग्रजी शब्दांचा मारा केला, मग माझा चेहरा बघून किनाऱ्यावर आला. "काका, प्रोसेसर म्हणजे तांडेल. होडी कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, वारा फिरला तर काय करायचं, हे सगळं एकट्याच्या डोक्यात. असे सहा-आठ हुशार तांडेल एका चिपेत बसवलेले असतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे रापण."

रापण ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: लांबच लांब जाळं होडीतून अर्धगोलात समुद्रात सोडतात आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावरची माणसं ओढत राहतात. दोराला लागलेल्या माणसाला काही ठरवायचं नसतं. आवाज आला की ओढायचं. पण सगळे एकदम ओढतात म्हणून दर्या जाळ्यासकट वाळूवर येतो. ठिपक्यांचं काम असंच. त्यात हुशारी फार लागत नाही, हात लागतात. पोराच्या यादीतल्या कार्डात असे ३,५८४ हात होते.

युक्ती जुनीच आहे आणि तिचा एक धागा पुण्यातून जातो. अमेरिकेनं आपल्याला क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, त्यानंतर १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्यातही एकच राक्षसी प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या छोट्या चिपा एका दोराला लावलेल्या होत्या. त्या वर्षी मी दुकानात कॅसिओचा कॅल्क्युलेटर आणला होता आणि त्याचं मला कोण कौतुक होतं. आता परमच्या कितीतरी पट ताकदीचं कार्ड घरात येणार होतं, आणि ते काय करणार, तर रात्री दोन वाजता गोळ्या झाडणार.

कार्डापाशी यादी आठवडाभर अडकली. एनव्हिडियाचं ३०६०, २०२१ चं, १२ जीबी मेमरीचं. त्याच्या पुढच्या पिढीचं ४०६०, २०२३ चं. आता नवं ते सरस असं कुणालाही वाटेल. पण नव्यात हात ३,०७२, म्हणजे जुन्याहून कमी, आणि मेमरी ८ जीबी, तीही कमी. तरी खेळात नवं जास्त पळतं आणि वीज कमी खातं. व्हिडिओत मात्र फोर-केचे चार थर एकमेकांवर चढवले की ८ जीबीचा श्वास कोंडतो. त्यात आणखी नवी पिढी दाराशी येऊन उभीच होती. पोरगा सकाळी एक म्हणे, संध्याकाळी दुसरं. वहिनी वैतागून म्हणाली, "स्थळं बघताना तरी एवढा घोळ घालू नकोस रे." मला मात्र हा घोळ ओळखीचा वाटला. तो कुठे ऐकलाय ते दुसऱ्या दिवशी पुलाकडे फिरायला गेलो तेव्हा आठवलं.

आमच्या भाट्यात समुद्राला लागूनच नारळ संशोधन केंद्र आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. स्थापना १९५५ ची. वडिलांनी तिथून रोपं आणली तेव्हा घरात असाच आठवडा गेला होता. बाणवली लावायचा की ठेंगू? बाणवली उंच जातो, सहा-सात वर्षं फळ दाखवत नाही, पण एकदा लागला की ऐंशी-नव्वद वर्षं घराला पोसतो. ठेंगू तिसऱ्या-चौथ्या वर्षीच शहाळी हातात देतो, तीही जमिनीवर उभं राहून काढता येतील अशी. पण त्याचा जीव लहान, आणि खोबरंही बेताचंच. वडिलांना दोन्ही हवं होतं: फळ स्वतःला बघायला मिळावं आणि झाड नातवांना पुरावं. असल्या हावऱ्या माणसांसाठीच संकर असतो. एका झाडाच्या पोयीतली नरफुलं काढून टाकायची, मादीफुलांना पिशवी बांधायची आणि दुसऱ्या जातीचे पराग नेमक्या दिवसांत आणून टाकायचे. मग नारळ पिकायला वर्षभर थांबायचं. केंद्राचा स्वतःचा एक संकर २००७ साली 'कोंकण भाट्ये नारळ संकर १' या नावानं बाहेर पडला: आई गंगाबोंडम ठेंगू, बाप पूर्व किनाऱ्यावरचा उंच माड.

खेळ म्हणजे ठेंगू. त्याला आत्ता, या क्षणी फळ हवं. सेकंदाला साठ चित्रं दाखवायची तर एका चित्राला सोळा-सतरा मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात उत्तर नाही आलं तर पोरगा मेला. (खेळातला. वहिनी वाचणार आहे म्हणून स्पष्ट लिहितो.) रेंडर म्हणजे बाणवली. त्याला घाई नाही, पण रात्रभर न दमता उभं राहणारं खोड हवं. दोन्ही एकात हवं म्हटलं की आई कोण आणि बाप कोण, याचा घोळ होणारच. घरी येऊन मी पोराला सांगितलं, "पोट कशावर आहे तुझं, ते उंच घे." त्यानं बारा जीबीचं ३०६० पक्कं केलं. रॅम ३२ जीबी घेतली आणि त्याबद्दल मी कुरकुर केली, ती आता मागे घेतो. वर्ष संपता संपता एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांनी मेमरी अशी ओढून घेतली की रॅमचे भाव पापलेटासारखे चढले. पोरगा अधूनमधून मला ते भाव वाचून दाखवतो. मी ऐकू न आल्यासारखं करतो.

खरेदीला मुंबईला गेलो. ऑनलाइन मिळतं सगळं, पण वस्तू हातात घेतल्याशिवाय मला पैसे सुटत नाहीत. ग्रँट रोड स्टेशनाला पूर्वेकडे उतरलं की लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन लोकांच्या तोंडातून अजून निघायला तयार नाहीत. मला तो रस्ता एकदम आवडला. एवढ्याएवढ्याशा दुकानात छतापर्यंत खोकी, गल्ल्यावरचा माणूस तीन गिऱ्हाइकांशी एकदम बोलतोय, पोऱ्या शिडीवर. फक्त खिळ्यांचा वास तेवढा नव्हता.

पोरानं यादी दिली. दुकानदारानं ती वाचली आणि "गेमिंग के लिए या एडिटिंग के लिए?" एवढंच विचारलं. मी वाट बघत होतो की तो पुढचा प्रश्न विचारेल. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचो: कुठे बसवणार? मिऱ्या, काळबादेवी, भाट्ये असं उत्तर आलं की लोखंडी जाळीवरचा हात मी आपोआप नायलॉनच्या जाळीवर नेत असे. इथे तो प्रश्न आलाच नाही. शेवटी मीच विचारलं, "हे खाऱ्या हवेत टिकेल का?"

त्याने माझ्याकडे, मग पोराकडे पाहिलं. "अंकल, तीन साल वॉरंटी है."

वॉरंटीच्या कागदावरची बारीक अक्षरं मी परतीच्या गाडीत वाचली. पनवेलच्या आसपास मला हवी ती ओळ सापडली. गंज त्यात बसत नव्हता.

एकूण सव्वा लाखाला चार हजार कमी. घरी बायकोनं आकडा ऐकला, स्वयंपाकघराच्या गळक्या कौलांकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता आत गेली. ते बोलण्याहून महाग पडलं. कौलांचं काम मला त्याच आठवड्यात काढावं लागलं. आगोटीचे दिवस होते ना. माळ्यावर लाकडं चढवायची, झडीला झापं बांधायची, पोह्यांचे पापड उन्हाला टाकायचे. आणि त्या वर्षी पावसालाच घाई झाली. मेच्या विशीतच त्यानं कोकणात धुडगूस घातला आणि २६ मे रोजी मान्सून मुंबईत पोहोचलासुद्धा. घरोघरच्या आगोटी अर्ध्यावर राहिल्या. आमचे पापड एका उन्हाचे झाले होते, दुसरं ऊन त्यांना दिसलंच नाही.

बाहेर तो धो धो पाऊस, आत ओटीवर चादर पसरून आठ खोकी. जोडणीच्या वेळी मला लांब बसवण्यात आलं होतं, पण प्रोसेसरवर लावायची थर्मल पेस्ट बघितल्यावर मला राहवेना. राखाडी, चिकट, वाटाण्याएवढी ठेवायची आणि वरून कूलर दाबायचा. अगदी ग्रीस! "जास्त नको, काका," पोरगा म्हणाला. बेअरिंगला ग्रीस किती भरायचं हे मला सांगणारा तो पहिलाच.

मग बोर्ड बसवायची वेळ आली. कॅबिनेटच्या पत्र्याला तो थेट लावत नाहीत, मध्ये छोटे षट्कोनी खुंट असतात, त्यांवर बोर्ड उभा राहतो. पोरानं पुडी फोडली आणि खुंट माझ्या हातावर ओतले. मी एक उजेडात धरला, नखानं खरवडला. पितळ! अख्ख्या सव्वा लाखाच्या पसाऱ्यात मला पहिल्यांदा ओळखीचं माणूस भेटलं. नऊच्या नऊ खुंट मी माझ्या हातानं बसवले. आटे सरळ धरले की नाही हे बोटाला कळतं, डोळ्याला कळत नाही. पुढे एक स्क्रू निसटून ग्राफिक्स कार्डाखाली गेला तेव्हा पोराचा चेहरा पांढरा पडला. मी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला मेणाचा ठिपका लावून तो अलगद उचलून दिला. त्यानंतर मला लांब बसायला कुणी सांगितलं नाही.

बटण दाबायच्या आधी मी मात्र आडवा आलो. "वीज कुठून घेणार?"

"इन्व्हर्टरवर टाकतो की."

आमचा इन्व्हर्टर जुना, चौकोनी लाटेचा. बल्ब आणि पंख्यांना चालतं, पंखा थोडा कण्हतो एवढंच. पण हल्लीचे चांगले एसएमपीएस वीज मोजूनमापून ओढतात, आणि चौकोनी लाट समोर आली की काही रुसून बसतात, नेमके वीज गेली त्याच क्षणी. इलेक्ट्रिशियन म्हणाला, शुद्ध साइन लाटेचा घ्या. घेतला. समुद्र चार मिनिटांवर, लाटा रात्रंदिवस फुकट, आणि आम्ही नऊ हजार मोजून एक शुद्ध लाट विकत आणली.

अर्थिंगही नव्यानं केलं. जुन्या तारेचं जमिनीशी नातं नावापुरतंच उरलं होतं. परसात खड्डा खणला, पट्टी सोडली, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले. पोरगा छत्री धरून उभा होता. मिठाची गोण बघून म्हणाला, "काका, ह्या मिठापासूनच वाचवायचंय ना सगळं?"

तिथे मी थांबलो खरा. वडिलांनी नारळाची रोपं लावली तेव्हाही खड्ड्यात मीठ टाकलं होतं. माड मीठ मागतो. अर्थिंग मीठ मागतं, मिठामुळे जमीन ओल धरते आणि ओल वीज वाहते. आणि नेमकी हीच गोष्ट बोर्डावर झाली की घात. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात ते याच्यासाठीच. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढतं आणि त्यात स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात आमच्याकडे आर्द्रता त्याच्यावर मांडी ठोकून बसलेली असते. वाऱ्याबरोबर आलेला मिठाचा पापुद्रा बोर्डावर बसला, त्याला पाणी सुटलं, की दोन तारांमध्ये चोरवाट तयार होते आणि तांबं हळूहळू हिरवं पडतं. पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तसा कॉम्प्युटर कळकतो. मीठ वाईट नाही. कुठल्या खड्ड्यात पडतं त्यावर आहे.

पोरानं काचेच्या बाजूचं, आत रंगीत दिवे लुकलुकणारं कॅबिनेट घेतलं होतं. चालू केलं की गणपतीच्या आरासीत बसल्यासारखं वाटतं. मला त्या दिव्यांचं काही नव्हतं, समोरच्या जाळीचं होतं. मी दुकानातली उरलेली बारीक नायलॉन जाळी कापून पंख्यांच्या तोंडाला बसवली. धूळ अडते, झुरळं अडतात, पाल अडते. पण मिठाचा दमट वारा? वीस वर्षांपूर्वी मी गिऱ्हाइकांना सांगायचो तेच सांगितलं: कपाटात झीरोचा बल्ब लावून ठेवा. हार्मोनियम असो, कॅमेरा असो, शालू असो, जरा ऊब राहिली की बुरशी धरत नाही.

पोरगा विचारात पडला. मग त्याच्या तोंडावर असं तेज आलं की मला आपण काय बोलून बसलो ते कळलं.

"म्हणजे मशीन रोज गरम व्हायला हवं."

"हो, थोडंफार..."

"बंद ठेवलं तर खराब होईल."

"तसंच काही नाही, पण..."

"आई!" तो आत ओरडला, "काका म्हणतायत रोज गेम खेळायलाच हवा, नाहीतर कॉम्प्युटर सादळेल!"

आणि पंचाईत अशी, की हे खरं आहे. महिनाभर बंद पडलेलं यंत्र दमट हवेत जास्त लवकर मरतं. रोज चालणाऱ्याला आतली ऊब कोरडं ठेवते. मी दुकानात तीस वर्षं खरं तेच सांगितलं होतं, आता फिरवता येईना. वहिनी आठवडाभर माझ्याशी मोजकं बोलली.

पहिला रेंडर भाट्याच्या किनाऱ्याचाच होता. झरी विनायकापासून सुरूच्या कडेकडेनं ड्रोन खाडीच्या तोंडापर्यंत येतो, पलीकडे मांडवी. जुन्या लॅपटॉपवर जे रात्रभर चालायचं ते चहा होईतो झालं. आम्ही सगळ्यांनी सत्तावीस इंचासमोर उभं राहून तो बघितला. बायको म्हणाली, "आपलं घर दिसलं का?" पोरानं मागे नेलं, थांबवलं, मोठं केलं. दिसलं. नवी कौलंही दिसली, जुन्यांच्या मधोमध लालभडक. तिनं समाधानानं मान हलवली.

जुलैत कधीतरी माझ्या लक्षात आलं की मशीनच्या मागच्या बाजूला काहीतरी ठेवलेलं आहे. आधी एक काडेपेटी होती. मग मिठाची बरणी आली. मग एका दोरीवर मोज्यांचे दोन जोड. मागच्या पंख्यातून सुखद गरम हवा येते, ती एवढी फुकट का घालवायची, असा बायकोचा हिशेब. कॉम्प्युटरचं तापमान वाढेल म्हणून पोरानं निषेध नोंदवला, तो नोंदवूनच राहिला. ऑगस्टात तिथे स्टुलावर सूप आलं, त्यावर मलमलचं फडकं, आणि फडक्यावर ते एका उन्हाचे पोह्यांचे पापड.

त्या रात्री पोरगा दमून आला होता. चिपळूणचं लग्न, पावसात ड्रोन उडवता आला नाही, जेवण उशिरा. जेवला आणि थेट अंथरुणाकडे वळला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

"अरे, आज खेळणार नाहीस का? पापड अजून सादळलेलेच आहेत!"